गवताचा रोवणा

आरमोरी मागे पडून गाडी वैनगंगेच्या पुलावर आली की मी खिडकीची काच सरकवते. पूल संपताच ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, सुरू होतात. हे दिवस रोवणे आटोपत आल्याचे. एखादी बांधी अजून उघडी, तपकिरी पाण्याने भरलेली. बाकी सगळीकडे नुकतंच लावलेलं, वाऱ्याला बिचकणारं पोपटी धान. चिखलाचा आणि तुटलेल्या मुळांचा वास भसकन आत येतो. आज तो आला आणि मी एकटीच हसले. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. त्यांना काय सांगणार? एका वर्षी याच दिवसांत आमच्या घरी गवताचा रोवणा झाला होता म्हणाले असते, तर त्यांनी उठून दुसरी जागा बघितली असती.

रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. माझी आई त्यातच वाढली. लग्न होऊन ती बल्लारपूरला गेली, कारण बाबा तिकडे कोळशाच्या खाणीत होते. पण दर पावसाळ्यात मला कडेवर घेऊन ती ब्रह्मपुरीजवळच्या माहेरी यायची, मामाच्या शेतात रोवणा करायची, मग निंदण, म्हणजे तण काढायची, आणि गुडघ्यांपर्यंत चिखलाचे डाग घेऊन परत क्वार्टरमध्ये यायची. तिथे दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर संध्याकाळपर्यंत काळे ठिपके उमटायचे. बाबा सायकलवरून यायचे, न बोलता हातपाय धुवायचे, पुढ्यात येईल ते जेवायचे. अमुक हवं, तमुक हवं, असं त्यांच्या तोंडून कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

म्हणूनच त्या वर्षीची गोष्ट मोठी वाटली.

बाबा निवृत्त झाले होते. आईच्या ओढीने ब्रह्मपुरीच्या टोकाला प्लॉट घेतला, घर उभं राहिलं. मी गडचिरोलीला शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी शाळा सुटली की लाल गाडीने घरी. होळीच्या सुमारास अशीच आले, तर आई समोरच्या अंगणात काठीने रेघा मारत होती. अंगण कसलं, गवंड्यांनी टाकून दिलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि चुन्याचे गोळे. पण तिला त्यात वांगी दिसत होती, टमाटर दिसत होते, वालाचा मांडव दिसत होता. बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "मले इथी लान पायजे."

आईने मला विचारलं, लान म्हणजे काय. मी सांगितलं, गवत. नुसतं गवत, बारीक कापलेलं, बसायला-फिरायला.

ती काठी टाकून पायरीवर बसली. "जनमभर गवत निंदू निंदू माह्या बोटांची सालं गेली," ती म्हणाली, "अन् तुमी मुद्दाम लावता?"

बाबांनी वाद घातला नाही. ते पायरी उतरून मुरमात उभे राहिले. मग म्हणाले, "पाळी संपून वर आलो ना, का डोळ्याले आधी उजेड नाई लागत. हिरवं लागते. तिथी वर आल्यावर बी काळंच दिसे."

एवढंच. खाणीबद्दल ते जन्मात जितकं बोलले त्यातलं हे बरंच मोठं वाक्य. आईने त्यांच्याकडे पाहिलं, काठी उचलली, आणि परसाकडे जाता जाता सांगून टाकलं की मागे भाजी ती लावणार आणि तिकडे कोणी पाय टाकायचा नाही. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

त्यानंतर मला जे वेड लागलं त्याची आज मजा वाटते. शिकवताना, भाजी निवडताना, गाडीत, डोक्यात फक्त गवत. आजवर ज्याच्यावरून मी पाय देऊन गेले त्याला जाती आहेत, स्वभाव आहेत, आवडीनिवडी आहेत, हे कळल्यावर रस्त्याच्या कडेला वाकून बघायची सवयच लागली. आखूड पातीचं, रुंद पातीचं, जमिनीला चिकटून पळणारं, झुबक्याने उभं राहणारं. शाळेच्या फाटकाशी मी अशी उकिडवी बसलेली असताना मुलींनी विचारलं होतं, बाई, काही हरवलं का.

चंद्रपूरच्या वाटेवर एक नर्सरी होती. बाबा आणि मी तिथे गेलो. मालक चांगला माणूस होता. विकायची घाई नाही. त्याने आधी प्रश्न विचारले. ऊन किती वेळ येतं? पाणी किती देणार? वर चालणार कोण? बाबांनी एकेकाचं उत्तर नीट विचार करून दिलं. ऊन दिवसभर. पाणी विहिरीचं, पण उन्हाळ्यात बेताचं. चालणार आम्ही दोघं, अन् ही शनिवारी येते ती. मग मालकाने वाफे दाखवले. मेक्सिकन गवत गादीसारखं गच्च, गर्द. एक बारीक नाजूक पातीचं, ज्याला तो सिलेक्शन म्हणत होता. आणि एक रुंद पातीचं, सावलीत चालणारं. बाबांनी चपला काढल्या. मालकाला विचारून प्रत्येक वाफ्याच्या कडेवर ते अनवाणी उभे राहिले, डोळे मिटून. मेक्सिकनवर सगळ्यात जास्त वेळ. मालकाने तेव्हाच सांगितलं की हे दिसायला राजा आहे, पण तुमच्या उन्हात याला सांभाळणं म्हणजे पाहुण्याला सांभाळणं. भर उन्हात दुबेच्याच, म्हणजे हरळीच्या, जातीतलं बघा, म्हणाला.

आम्हाला ठरवता येईना. शेवटी मी म्हटलं, प्रयोग करू. तिन्हींचे तळहाताएवढे तुकडे ओल्या गोणपाटात बांधून आणले आणि अंगणाच्या कडेला बादलीएवढ्या खड्ड्यांत लावले. पुढच्या शनिवारी आले तर खड्डे चार. चौथ्यात दूब, गावच्या बोडीच्या पाळीवरची. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतालगतचं छोटं तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. मी आईकडे पाहिलं. तिने मान न वळवता सांगितलं की भावाकडे गेली होती, येताना मूठभर उपटून आणली. विकतच्या गवतात किती जोर आहे ते पाहायचंय.

आणि मग आमच्या जिल्ह्याचा मे महिना आला. परक्या माणसाला तो सांगून कळत नाही. सकाळी नऊलाच रस्ता ओसाड, नळाचं पाणी चहाला चालेल इतकं गरम, दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून पत्र्याखाली बसलेला. त्या उन्हात चार खड्डे आणि त्यांच्याभोवती आम्ही तिघं. गडचिरोलीहून मी रोज फोन करायची, आधी गवताची चौकशी, मग तब्येतीची. रुंद पातीचं सगळ्यात आधी गेलं. मेक्सिकनच्या कडा काडीसारख्या झाल्या. मधे हिरवं, पण रुसलेलं. सिलेक्शन जिवंत होतं, एवढंच म्हणता येईल. आणि दूब तर सरळ पांढरी पडली, नुसता वाळलेला पेंढा. मला वाईट वाटलं, कारण आईचं गवत हरलं होतं आणि तिने ते मनाला लावून घेतलेलं दिसत होतं. चारी खड्ड्यांना ती सारखंच पाणी घालायची, एकाला तांब्याभर जास्त नाही. मी लपून पाहिलं होतं.

एका रविवारी पहाटे अवकाळी शिंतोडा येऊन गेला. सकाळी आम्ही चहा घेऊन बाहेर आलो. पेंढ्याच्या प्रत्येक सांध्यातून सुईच्या टोकाएवढा हिरवा कोंब. एक नाही, सगळीकडे. बाबा कप हातात धरून खाली बसले. मग त्यांनी आईला विचारलं, "कोणतं लावू?"

"हेच लावा," आई म्हणाली. "हे मरत नाई. मी सगळं करून पाह्यलं हाये."

बाबा हसले. मोठ्याने. माझ्या बाबांच्या हसण्याला आवाज आहे हे मला तेव्हा कळलं.

आता माती. गवत वर दिसतं, पण काम सगळं खाली असतं. मुरमावर काहीच धरणार नव्हतं, म्हणून आधी खणायचं होतं, आणि खणणं हे बाबांचं क्षेत्र. सकाळी उजाडायच्या आत ते टिकाव घेऊन सुरू व्हायचे. त्यांचा घाव पडायचा तो एकसारखा, सावकाश, थकवा नसलेला. वीतभर पुरेसं होतं. ते कमरेइतके खाली जायला निघाले. आई दारातून म्हणाली, "कोरसा शोधून राह्यले का?" आईच्या बोलीत कोळशाचा कोरसा होतो. बाबा थबकले, खड्ड्यात उभं राहून इकडेतिकडे पाहिलं, आणि वर आले.

विटा, वायरी, चुना, एक फुटकं घमेलं, कोणाची तरी चप्पल, सगळं निघालं. मग भरणी. सुकलेल्या बोडीतला गाळ ट्रॉलीने आला, काळा, ढेकळं फोडली की आत शिंपल्यांचे तुकडे चमकायचे. नुसता गाळ उन्हात तडकेल म्हणून त्यात रेती. राईस मिलच्या मागे ढीग पडलेली कोंड्याची राख. मामाकडचं जुनं शेणखत, इतकं मुरलेलं की हातात घेतलं तर जंगलातल्या पालापाचोळ्यासारखा वास. ते सगळं आम्ही हातांनी मिसळलं. माझ्या नखांत ती माती सोमवारी शाळेत जायची आणि मला तिचा अभिमान वाटायचा.

एवढं करून लगेच लावायचं नव्हतं. पाणी घालून थांबायचं, आत दडलेलं तण वर येऊ द्यायचं, ते उपटायचं, पुन्हा थांबायचं. मोथा सगळ्यात हट्टी. वरून ओढला तर पात हातात येते आणि गाठ खाली हसत बसते. इथे मात्र आईने परसातला खुरपा आणला. ती न सांगता बसली, आणि मोथ्याची एकेक गाठ मुळासकट काढून पदरात टाकू लागली. बाबा तिच्या बाजूला बसले. बसायची पद्धत ती शिकवत होती, टाच कशी टेकायची, पाठ कशी वाचवायची. मी पायरीवरून बघत होते. माझ्या लहानपणी ती घरी असायची तेव्हा ते पाळीला, ते घरी तेव्हा ती माहेरच्या चिखलात. दोघांना एका कामावर शेजारी बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

भांडणं संपली असं नाही. उतार कुठे द्यायचा यावर चांगली जुंपली. गवंड्याची पाणी भरलेली नळी घेऊन मी एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला, घरापासून रस्त्याकडे अलगद उतार काढत होतो. आईला ते बघवेना. चांगली माती, त्यावर पडलेलं पाणी, आणि ते वाहून जाऊ द्यायचं? तिचा जन्म पाणी अडवण्यात गेलेला. बांधीला धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालायचा, फुटला तर पायाने दाबून धरायचा. आणि बाबांचा जन्म पाणी काढून देण्यात. खाणीत पाणी साचलं की माणसं जातात. दोघंही आपल्या जागी बरोबर होते, म्हणूनच कोणी मागे हटेना. शेवटी बाबांचा उतार राहिला आणि आईने परस गाठलं.

आषाढातल्या एका शनिवारी मी घरी पोचले आणि आभाळ फाटलं. आमच्याकडचा पाऊस पडत नाही, ओतला जातो. आम्ही तिघं ओसरीत उभे, आणि समोर बाबांच्या उतारावरून पाण्याबरोबर माती निघाली. काळी, भुसभुशीत, चाळलेली माती. आधी रेघा पडल्या, रेघांच्या नाल्या झाल्या, फाटकाखालून काळं पाणी रस्त्यावर जाऊ लागलं. बाबा पुढे झाले आणि तिथेच थांबले. त्यांना काय करावं सुचेना.

आई मात्र निघून गेली होती. पदर खोचून, फावडं घेऊन, फाटकाशी ती धुरा घालत होती. विटांचे तुकडे, गोणपाट, मातीचे गोळे, आणि त्यावर पायाने दाब. मला ओरडून सांगितलं, गोणी आण. मी गोण्या नेल्या. माती अडली, पण पाणीही अडलं. बघता बघता अर्ध्या अंगणात घोट्याइतकं तळं झालं आणि घराच्या पायाकडे सरकू लागलं. आता बाबा हलले. त्यांनी उरलेला पाईपचा तुकडा उचलला, आईच्या धुऱ्याच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या अगदी पापुद्र्यालगत, आडवा बसवला. वरचं निवळ पाणी पाईपने रस्त्यावर पडू लागलं आणि माती धुऱ्याच्या आत बसत गेली. दोघं चिंब, एक धुऱ्यावर पाय रोवून, एक पाईप धरून. "जरा खाली घ्या," ती म्हणायची. "बस, आता नको," ते म्हणायचे. पाऊस ओसरेपर्यंत तसेच. मला थंडी वाजत होती आणि हसू येत होतं, आणि तो पाऊस थांबू नये असं वाटत होतं.

तो धुरा अजून आहे. आता त्यावरही गवत आहे, पण पावसाळ्यात पाईपमधून पाणी पडताना आवाज येतो आणि बाबा वर्तमानपत्रावरून मान वर करतात.

माती पुन्हा सारखी केली तोवर श्रावण लागला. गावातले रोवणे संपत आले होते. आई सकाळी उठून मामाच्या गावी गेली आणि भरलेली जीप घेऊन आली. शेवंतामामी, म्हणजे माझ्या मामाची बायको, आणि तिच्यासोबत रोवण्याच्या बाया, तोंडात सुपारी, डोक्याला फडकी, जीपच्या टपावर बोडीच्या पाळीवरून उपटलेल्या दुबेच्या पेंढ्या. धानाच्या पऱ्ह्यांसारख्याच, म्हणजे रोपांच्या जुड्यांसारख्याच, बांधलेल्या. मामी फाटकातच थांबली. काय लावायचं ते आईने तिला सांगितलं नव्हतं म्हणे. फक्त रोवणा आहे, चला. मामीने पेंढीकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि ती अशी हसत सुटली की बाकीच्यांना कारण नसताना हसू आलं.

पण रांग धरली आणि हात चालू झाले तेव्हा हसणं आपोआप गाण्यात गेलं. वाकून, मागे मागे सरकत, डाव्या हातात जुडी, उजव्याने दोन काड्या मोडून मातीत दाबायच्या, दोन सांधे आत, एक वर. मीही रांगेत होते. माझी ओळ वाकडी गेली आणि मामीने ती सरळ केली. बाबा सारखा चहा आणत होते. कोणी मागितला नव्हता. दुपार कलायच्या आत अंगणभर काड्या उभ्या राहिल्या, विरळ, मरगळलेल्या, कोणी कधी गवत समजणार नाही अशा. बायांनी चिखलाचे हात धुतले, पोहे खाल्ले, आणि जाताना मामीने बाबांना गंभीरपणे विचारलं, कापणीला कधी बोलावता?

पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात धावे सुटले. बारीक, लालसर, जमिनीवर बोटं चालवावीत तसे एकमेकांकडे निघालेले. प्रत्येक शनिवारी मातीचा रंग कमी झालेला असायचा. आणि त्यातच एक दिवस आई मला हात धरून बाहेर घेऊन गेली. गवतात जागोजागी धानाची रोपं उगवली होती. बोडीच्या गाळातून कधीचे दाणे आले असतील ते. ती उपटायला बसली होती आणि बसूनच राहिली होती. धानातलं गवत काढायला तिचा हात कधी अडला नाही. गवतातलं धान काढायला तो उठेना. मी म्हटलं, राहू दे मग. तिने मान हलवली, एकेक रोप मातीसकट सोडवलं आणि परसात, वांग्यांच्या पलीकडे, छोटीशी बांधी करून नेऊन लावलं. त्या वर्षी त्याचा एका जेवणाचा भात झाला. आम्ही तिघांनी तो नुसता, मीठ घालून खाल्ला.

दसऱ्यापर्यंत अंगण गच्च झालं. बाबांनी आडव्या फळीवर बसून विळ्याने ते दोनदा कापलं होतं, पण त्यावर पाय टाकून अजून कोणी चाललं नव्हतं. बाबाही नाही. ते कडेकडेने फिरायचे, पाणी घालायचे, वाकून बघायचे, आणि परत फिरायचे. मी विचारलं तर म्हणाले, जरा होऊ दे.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मामी आणि त्या बाया सोनं द्यायला आल्या. नवी लुगडी, हातात आपट्याची पानं. फाटकाशी त्यांनी चपला काढल्या, कोणी सांगितलं नव्हतं. मामी आधी काठावर थांबली. मग तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मधोमध जाऊन ती बसली, आणि बसल्या बसल्या नव्या लुगड्यानिशी सरळ उताणी झाली. हात पसरले. वर पाहत राहिली.

आई घाईने पुढे गेली, तिला वाटलं मामीला चक्कर आली.

"काई नाई झालं," मामी म्हणाली. "जनमभर रोवणा केला बाई मी. पन माह्या रोवण्यावर मले निजू कोणं देल्लं असतं?"

मग बाकीच्या आल्या. एक बसली, एक कुशीवर झाली, एकीने लुगडं सावरून पाय लांब केले. आईने माझ्याकडे पाहिलं, जरा लाजली, आणि मामीच्या बाजूला आडवी झाली. धुऱ्यावरून एक बगळा चालत होता. बाबा दारात चहाचा ट्रे धरून उभे होते. तो त्यांनी पायरीवर ठेवला, चपला काढल्या, आणि आईच्या उशाशी जाऊन बसले.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी झारी घेऊन निघाले, तर बाबांनी हाताने थांबवलं. गवतात माणसांचे आकार उमटले होते, मामीचा पसरलेल्या हातांसह, आईचा कुशीवरचा. ते दोघं पायरीवर बसून बघत होते. एकेक पात उठत होती.